“दिसलं ना?” “हो, दिसलं.”

प्रिय ताई,

आमचं लग्न २००३ सालचं. मोठा मुलगा शिकायला बाहेर असतो, धाकटी घरी आहे. नवरा शांत आणि कामसू. संसारात मोठी तक्रार करावी असं काही नाही. म्हणूनच हे पत्र लिहिताना थोडा संकोच वाटतोय, कारण तक्रार एका दुर्बिणीची आहे.

दोन वर्षांपूर्वी त्याने ती घेतली. आठ इंची, हाताने फिरवायची. उभी केली की माझ्या खांद्यापर्यंत येते. दिवसा तिचा मुक्काम पॅसेजमध्ये, येताजाता पायाला लागते. रात्री ती गॅलरीत जाते आणि घरातले सगळे दिवे बंद. मुलीने अभ्यासाला दिवा लावला तरी “अगं, डोळे गेले माझे!” अशी हाक येते. मी गॅलरीच्या दारापाशी चालले तर “हलू नकोस!” मग मी आतल्या खोलीत दार लावून बसते. आठवड्यातून एक-दोनदा पहाटे साडेतीनचा गजर असतो. त्याला जाग येईपर्यंत तो तीनदा वाजतो, तोवर मी टक्क जागी. मध्यंतरी एक पार्सल आलं तेव्हा कळलं, आणखी एक आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, मागवलाय.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. खरी अडचण वेगळी आहे. तो हाक मारतो, “लवकर ये, लवकर!” हातातलं टाकून मी जाते, डोळा लावते आणि मला काही दिसत नाही. कधी नुसता काळोख, कधी धुरकट पुंजका, कधी माझ्याच पापण्या. तो विचारतो, “दिसलं ना?” मी म्हणते, “हो, दिसलं.” वर्षभर मी हेच म्हणते आहे. आता तो जेवताना गुरूवरच्या पट्ट्यांबद्दल माझ्याशी बोलतो आणि मी मान डोलावते. गेल्या नोव्हेंबरात त्याने शनी दाखवला. दोन महिने त्याचंच चाललं होतं, शनीचं कडं दाखवतो म्हणून. मला एक ठिपका दिसला आणि त्यातून आरपार गेलेली रेघ. मी म्हटलं, “किती सुंदर!” आणि आत येऊन मला रडू आलं. का, ते मलाही सांगता येणार नाही.

मैत्रिणी म्हणतात, तूही शिक, जोडीने बघा. मला शिकायचं आहे का, हेच मला कळत नाही. आणि एक गोष्ट लिहायलाच हवी. बाहेरून आत येतो तेव्हा त्याचे हात बर्फासारखे असतात, आणि तो ते सरळ माझ्या मानेखाली सारतो. मी ओरडते. पण मान हलवत नाही.

त्याला खरं सांगू का?

– अंधारातली

ता. क. आता त्याला पॅसेजच्या दिव्याला लाल कागद लावायचा आहे. परवानगी मागतोय.

*

प्रिय मैत्रीण,

हो, सांगा. याच आठवड्यात सांगा, आणि दिवसाउजेडी सांगा. ते आयपीसला डोळा लावून आनंदात असताना नको.

इतक्या ठामपणे सांगते, कारण या गोष्टीत मी तुमच्या यजमानांच्या जागी होते. वीस-बावीस वर्षं झाली, मी दुर्बिणीतून आकाश बघते. त्यातली पहिली तीन वर्षं माझा नवरा मला न चुकता “दिसलं” म्हणत असे. एकदा माझा लहान पुतण्या राहायला आला होता आणि मी त्याला गुरूचे चंद्र दाखवत होते. तो आयपीसशी डोळा नेऊन उभा, मी मागून सांगते आहे, डावीकडे एक, उजवीकडे तीन. पोरगं रडकुंडीला आलं. तेव्हा माझा नवरा त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, “मलाही दिसत नाही. तू ‘हो’ म्हणून टाक, काकूला बरं वाटतं.” ते मला ऐकू आलं.

त्या रात्री मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, “आजवर तुला खरोखर काय काय दिसलं?” त्याने बराच वेळ आठवून पाहिलं आणि म्हणाला, “चंद्र.” तीन वर्षांत फक्त चंद्र. खोटं बोलल्याचा राग मला आला नाही. पण कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, देवयानी, हे सगळं आम्ही दोघांनी मिळून पाहिलं असं मी धरून चालले होते, आणि त्या सगळ्या रात्री मी एकटीच होते. तुम्ही शनी बघून आत आलात आणि तुम्हाला रडू आलं. मला वाटतं ते हेच एकटेपण होतं, फक्त दाराच्या अलीकडच्या बाजूचं. त्यांना वाटतंय की आपण दोघं बघतोय. तसं नाही, हे तुम्हा एकटीला माहीत आहे, आणि वर्षभर ते तुम्ही एकटीने वागवलंय.

आता तुम्हाला का दिसत नाही ते सांगते. त्याची कारणं साधी आहेत, आणि नेमकी तीच आम्ही दुर्बीणवाले पाहुण्याला सांगायला विसरतो.

पहिलं कारण म्हणजे पृथ्वी फिरते. तुमच्याकडची दुर्बीण, तुम्ही लिहिलंय त्यावरून, डॉबसोनियन असावी. ती आपणहून ताऱ्यामागे वळत नाही, ढकलत राहावी लागते. आकाश तर तासाला १५ अंश सरकत असतं. आयपीसमधून अर्धा अंश आकाश दिसत असेल, म्हणजे पूर्ण चंद्र जेमतेम मावेल एवढं, तर मधोमध आणून ठेवलेला ग्रह साधारण मिनिटभरात काठाबाहेर जातो. ग्रह मोठा दिसावा म्हणून जास्त ताकदीचा आयपीस लावला की आणखी लवकर. आता तुमच्या घरचा क्रम बघा. ते गुरू मधोमध आणतात, तुम्हाला हाक मारतात, तुम्ही आतल्या खोलीतून येता, काय बघायचं ते तुम्हाला नीट समजावून सांगितलं जातं आणि मग तुम्ही डोळा लावता. तोवर गुरू गेलेला असतो. तुम्हाला दिसलेला तो “नुसता काळोख” बहुतेक वेळा हाच. यावर उपाय सोपा आहे. ग्रह ज्या काठाने आत येतो त्याच काठाशी धरून ठेवायचा आणि लगेच बाजूला व्हायचं, म्हणजे तो तुमच्या डोळ्यासमोरून सावकाश आडवा जाईल. जे समजावायचं ते आधी तरी समजावायचं, नाहीतर नंतर.

दुसरं कारण फोकस. माझ्या घरात खरी चूक इथे होती. माझ्या नवऱ्याच्या चश्म्याचा नंबर मोठा. चश्मा आयपीसला लागतो म्हणून तो काढून बघायचा, आणि फोकस असायचा माझ्या डोळ्याला जुळवलेला. त्याला जे दिसायचं ते म्हणजे मोठा, पुसट, भुरका गोळा. तीन वर्षं माझ्या लक्षात आलं नाही! नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चश्मा काढला तरी चालतो, दुर्बिणीचा फोकस तो भरून काढतो. पण मग फोकसचं चाक बघणाऱ्याने स्वतः फिरवायला हवं. सिलिंडरचा नंबर असेल तर तो फोकसने भरून निघत नाही, तेव्हा चश्मा ठेवूनच बघावं. तुम्हाला चश्मा आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसला तरी तुमचा डोळा त्यांच्या डोळ्यासारखा असेलच असं नाही. म्हणून चाकाला हात लावा. विचारू नका, लावा. एवढ्याने काही बिघडत नाही. ठिपका लहान लहान होत टोकदार होईल तिथे थांबा.

पापण्या दिसतात त्या डोळा फार जवळ नेल्याने. आयपीसवर डोळा दाबायचा नाही, किंचित मागे धरायचा आणि उजळ गोल पूर्ण दिसेपर्यंत मागेपुढे करायचा. पहिल्या खेपेला एवढंच करा, ग्रह वगैरे मागाहून.

तिसरं कारण उजेडाचं, आणि इथेच तुमच्या घरातल्या दिव्यांचं भांडणही सुटतं. अंधारात गेल्यावर डोळ्याची बाहुली थोड्या वेळातच मोठी होते, पण पडद्यावरच्या ज्या पेशी मंद उजेडात काम करतात त्यांना पूर्ण जागं व्हायला वीस मिनिटं, अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. पांढऱ्या दिव्याचा एक झोत डोळ्यात गेला की ती सगळी कमाई क्षणात जाते. तुमचे यजमान “डोळे गेले माझे” म्हणतात ते यामुळे, त्यात नाटक नाही. पण तुम्ही दार लावून दिव्याखाली बसलेल्या असता, हाकेसरशी येता, आणि त्यांच्या अर्धा तास मुरलेल्या डोळ्यांना जे दिसतं ते तुमच्या नुकत्या आलेल्या डोळ्यांना दिसावं अशी अपेक्षा असते. ते होणारच नाही.

मात्र हा अंधार सगळ्यासाठी लागत नाही, आणि ही गोष्ट तुम्ही त्यांच्यासमोर ठेवा. चंद्र, गुरू, शनी, मंगळ, जोडतारे ही तेजस्वी मंडळी आहेत. ती बघायला घरातला दिवा चालू असला तरी फारसं बिघडत नाही, थेट डोळ्यावर येत नसला म्हणजे झालं. अंधार लागतो तो दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची दूरदूरची प्रचंड कुटुंबं, आणि तेजोमेघ, म्हणजे अवकाशातले वायू-धुळीचे ढग, यांच्यासाठी, आणि आकाशात मोठा चंद्र असेल तेव्हा ते तसेही नीट दिसत नाहीत. म्हणजे महिन्यातल्या निम्म्याअधिक रात्री घरात काळोख करून त्यांच्या हाती काही पडत नाही. अमावास्येच्या आसपासच्या मोजक्या रात्री त्यांना काळोख द्या, आधी ठरवून, अमुक ते अमुक वाजेपर्यंत. बाकीच्या रात्री घर घरासारखं राहू दे.

त्यातही मुलीच्या अभ्यासाचा दिवा या वाटाघाटीत आणूच नये. तिने अभ्यास करताना बापाच्या डोळ्यांची काळजी करायची नाही. जुने निरीक्षक डोक्यावरून काळं कापड घेतात, त्याखाली डोळा आणि आयपीस एवढंच उरतं. काही जण बघण्याच्या डोळ्यावर मधल्या वेळात पट्टी बांधतात. मी स्वतः कापड घेते. लांबून विचित्र दिसतं, पण उपयोगी पडतं, आणि कुणाच्या खोलीतला दिवा मालवावा लागत नाही.

“हलू नकोस” हेही असंच. दीडशे पट मोठं केलेल्या चित्रात पावलांची थरथरही दीडशे पट होते, म्हणून ते ओरडतात. पण पाऊल थांबलं की ती एक-दोन सेकंदांत शमते. तेवढं थांबायला त्यांनी शिकावं. आपल्याच घरात चालायला परवानगी लागू नये.

पहाटे साडेतीनचा गजर. याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण खगोलाच्या नादात सगळ्यात जास्त झोपा या कारणाने मोडतात, आणि बहुतेक वेळा गरज नसताना. तारे रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतात. महिन्याला दोन तास. आज जे नक्षत्र पहाटे साडेतीनला डोक्यावर आहे, ते तीन महिन्यांनी रात्री साडेनऊला त्याच जागी असेल. तेव्हा गजराशिवाय, मुलगी जागी असताना, तुम्हाला बोलावून दाखवता येईल. नवीन दुर्बीण घेतलेल्या माणसाला तीन महिने म्हणजे फार वाटतात, मलाही वाटायचे. आता यादीच करून ठेवते, काय कोणत्या महिन्यात संध्याकाळी येतं त्याची, आणि ती वाट बघणं मला आवडायला लागलंय. पहाटेच उठावं लागेल असं काही असतं, नाही असं नाही. एखादा धूमकेतू सूर्याजवळ असतो, ग्रहण असतं. अशा वर्षातल्या चार-सहा पहाटा त्यांना मोकळ्या मनाने द्या. बाकीच्या आठवड्याच्या गजरांना ‘नाही’ म्हणा. आणि ज्या दिवशी उठायचं असेल त्या दिवशी मनगटावर थरथरणारा गजर लावायचा, कपडे आणि आयपीस रात्रीच बाहेरच्या खोलीत काढून ठेवायचे.

आयपीसच्या पार्सलबद्दल एवढंच: रक्कम लहान असो की मोठी, मागवण्याआधी सांगायचं. यात खगोलाचं काही नाही.

आता हाकेचं. आकाशात “लवकर ये” म्हणण्यासारखं फार थोडं असतं. उल्का पडली तर तुम्ही पोहोचेपर्यंत ती विझलेली असते, आणि गुरू महिनोन्‌महिने तिथेच असतो. चंद्राआड तारा जाणार असेल, गुरूच्या एखाद्या चंद्राची सावली त्याच्या बिंबावर पडलेली असेल, तर गोष्ट वेगळी. एरवी त्यांनी दारात येऊन विचारावं, “आज दाखवण्यासारखं आहे, अर्ध्या तासात येशील?” आणि तुम्ही “आज नको” म्हणालात तर ते तिथेच संपावं. माझा नवरा जुनी लंबकाची घड्याळं दुरुस्त करतो. त्याच्या हातात चिमटा असेल तेव्हा मी हाक मारत नाही, हे ठरायला आम्हाला काही वर्षं लागली. त्याआधी मी त्यालाही “लवकर ये” म्हणून ओरडायचे आणि बारीक स्क्रू टेबलाखाली जायचे.

त्या घड्याळांवरून आठवलं, तेही सांगते. पुतण्याच्या प्रसंगानंतर मी त्याच्यापाशी एक कबुली दिली. घड्याळ भिंतीवर लावून झालं की तो मला बोलवायचा आणि म्हणायचा, “ऐक, आता दोन्ही ठोके सम पडतायत.” मी कान देऊन म्हणायचे, “हो, छान वाटतंय.” मला काही ऐकू येत नव्हतं. टिक आणि टॉक, त्यात ऐकायचं काय? तो हसला नाही. उठला, घड्याळ किंचित तिरकं केलं आणि म्हणाला, आता ऐक. टिक-टॉक, मग थांबा, टिक-टॉक, मग थांबा. लंगडत चालल्यासारखं. मग सरळ केलं, आणि दोन्हींमधलं अंतर सारखं झालं. मला ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं, आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या घरी गेले तरी भिंतीवरचं घड्याळ वाकडं लागलंय का ते मला कानाने कळतं. मी घड्याळं दुरुस्त करायला शिकलेले नाही. शिकणारही नाही. पण तो आता मला बोलावतो तेव्हा मी खरोखर ऐकायला जाते.

म्हणून मैत्रिणींचा सल्ला मला अर्धाच पटतो. “जोडीने बघा” म्हणताना लोक मोठी उदाहरणं देतात. कॅरोलिन शूमेकर यांचं देतील. मुलं मोठी होऊन घराबाहेर पडल्यावर, पन्नाशी उलटल्यावर त्या खगोलाकडे वळल्या, आणि त्यांच्या नावावर ३२ धूमकेतू आहेत. १९९३ साली त्यांनी, पती यूजीन आणि डेव्हिड लेव्ही यांनी मिळून शोधलेला धूमकेतू पुढच्या वर्षी जुलैत गुरूवर आदळला. गोष्ट खरी आहे आणि मला फार प्रिय आहे. पण त्या तासन्‌तास आकाशाच्या फोटोंच्या फिल्मवर नजर लावून बसत, कारण ते काम त्यांना स्वतःला आवडलं होतं. तुम्हाला आवडेलच असं नाही, आणि नाही आवडलं तर त्याने तुमच्या संसाराला कमीपणा येत नाही.

मला तुम्हाला दुसरंच जोडपं आठवून द्यायचं आहे. सतराव्या शतकात डान्झिग (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क) शहरात योहानेस हेवेलियस आणि एलिझाबेथ हेवेलियस हे पती-पत्नी घराच्या छपरावरून तारे मोजत. त्यांच्या एका ग्रंथात, १६७३ सालच्या, दोघांचं चित्र आहे. मोठा पितळी सेक्स्टंट आणि त्याच्या दोन बाजूंना दोघं. ते यंत्र एकट्याने चालवता येत नसे. एकाने एका ताऱ्यावर नजर धरायची, दुसऱ्याने दुसऱ्या ताऱ्यावर, आणि दोघांनी “धरला” म्हटल्यावर मधला कोन मोजायचा. एकाला तारा दिसत नसताना त्याने “दिसला” म्हटलं असतं तर ते माप चुकलंच असतं. योहानेस १६८७ साली वारले, आणि त्यांची ताऱ्यांची यादी एलिझाबेथने १६९० साली छापून घेतली. तुम्हाला यादी करायची नाही, ठाऊक आहे. पण तुमचं “नाही दिसलं” त्यांच्या कामाचं आहे. त्याशिवाय त्यांना कळणार कसं की फोकस दुसऱ्याच्या डोळ्याला जुळत नाही, बोलता बोलता गुरू निघून जातो?

सांगताना फार बांधाबांध करू नका. “वर्षभर मला फारसं काही दिसलेलं नाही. तू इतका खुशीत असायचास की ‘नाही’ म्हणवेना.” एवढं पुरे. “आता मला बघायचं आहे” हे वाक्य मनात असेल तरच जोडा. ते एक-दोन दिवस गप्प होतील. होऊ द्या. त्यांना मागच्या कितीतरी रात्री आठवून पुन्हा लावून बघायच्या असतात, त्याला वेळ लागतो. मीही गप्प होते.

आणि सगळंच खोटं होतं असंही सांगू नका, कारण ते खरं नाही. तुम्हाला दिसलेला धुरकट पुंजका कदाचित देवयानी दीर्घिका असेल. ती दुर्बिणीतून तशीच दिसते, भुरकी, कडा नसलेली. मंद उजेडात काम करणाऱ्या त्या पेशींना रंग कळत नाहीत, म्हणून फोटोतला निळा-तांबूस रंग डोळ्याला कधीच दिसत नाही. नजर थोडी तिरकी केली, तिच्या शेजारी बघितलं, की ती जरा मोठी होते. तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. तो तुम्ही पाहिला, फक्त ‘एवढंच दिसतं’ हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

शनीची रेघही खरी. शनी सूर्याभोवती एक फेरी सुमारे साडेएकोणतीस वर्षांत मारतो, आणि तेवढ्यात दोनदा त्याचं कडं आपल्याला बरोबर कडेवरून दिसतं, जाड पुस्तक मिटून त्याच्या पाठीकडून पाहावं तसं नव्हे, एक कागद आडवा धरून त्याची कड पाहावी तसं. २०२५ साली ते तसं आलं होतं. गॅलिलिओने १६१० साली शनीच्या दोन बाजूंना काहीतरी पाहिलं होतं. १६१२ साली ते नाहीसं झालं आणि तो चक्रावून गेला, याच कारणाने. तुम्ही रेघ पाहिलीत म्हणजे तुम्ही अगदी बरोबर पाहिलंत, फोकसही त्या दिवशी जुळलेला होता. “मला रेघच दिसली” असं तेव्हा म्हणाला असतात तर ते आनंदाने उडाले असते, कारण तो देखावा साधारण चौदा ते सोळा वर्षांनी एकदा येतो.

तुमचं लग्न २००३ सालचं. त्या वर्षी शनीचं कडं पूर्ण उघडलेलं होतं. मग २००९ मध्ये मिटलं, २०१७ मध्ये पुन्हा पूर्ण उघडलं, २०२५ मध्ये रेघ झालं. २०३२ च्या सुमाराला पुन्हा पूर्ण उघडेल. दुर्बीण घरात नसताना यातलं बरंचसं तुमच्या डोक्यावर होऊन गेलं.

२०२६ च्या ऑक्टोबरात शनी संध्याकाळीच पूर्वेला उगवेल. कडं थोडंसं उघडलेलं असेल. त्या रात्री चाक तुमच्या हातात असू दे, आणि जे दिसेल तेच बोला. त्यासाठी अंधार लागत नाही, मुलीलाही बोलवा. त्याआधी एखाद्या संध्याकाळी अर्धा चंद्र बघून घ्या. उजेड-सावलीच्या सीमेवर विवरांच्या कडा उठून दिसतात, आणि चंद्र न दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

थंड हातांबद्दल मी सल्ला देत नाही. तो तुम्ही विचारलेला नाही.

लाल कागदाला परवानगी द्या. लाल उजेडाने त्या पेशींवर फार कमी परिणाम होतो, त्यामुळे घरातल्या बाकीच्यांना चालता येतं आणि त्यांचे डोळेही टिकतात. पण एक पातळ कागद पुरत नाही, पांढरा उजेड गळतो. गडद लाल, दोन-तीन पदरी हवा, आणि तोही एलईडी दिव्यावरच, तापणाऱ्या बल्बवर नको. त्याहून बरा म्हणजे सरळ एक मंद लाल दिवा, जमिनीलगत. आणि त्या बदल्यात दुर्बीण पॅसेजमधून हलवून गॅलरीच्या दारामागे किंवा कोपऱ्यात, जिथे कुणाच्या पायाला लागणार नाही अशी ठेवायला सांगा. बटणापाशी एक साधा टॉर्च टांगून ठेवा, रात्री मुलगी उठली तर तिला चाचपडावं लागू नये.

– तुमची ताई